दोन सोमवारांचे काटे

नवीनने दगड हलवला तो हलवला, वर विचारलंसुद्धा नाही. परक्याने असं केलं असतं तर वच्छलाबाईंनी त्याला चौकात उभा करून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही गेल्या असत्या. पण नवीन परका नव्हता. सख्ख्या भावाचा मुलगा. बाराव्या दिवशी पाळण्यात वाकून त्याच्या कानात नाव सांगितलं ते ह्यांनीच. फुईचा, म्हणजे आत्याचा, मान म्हणून भावाने हिरवी नऊवारी दिली होती, ती अजून पेटीत होती. आणि ज्या दिवशी दगड गेला त्या दिवशी खोऱ्याच्या तोंडावरच्या साखळीचं कुलूप त्यांनी स्वतःच्या हाताने काढून नवीनची पिकअप आत सोडली होती. परत येताना त्याला थांबवून आल्याचा चहा पाजला होता. दोनदा.

"फुई, असा चहा अख्ख्या धुळ्यात मिळत नाही," बशी चाटूनपुसून मेला म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीप्रमाणे पाण्याचा तांब्या घेऊन पळसाखाली गेल्या, तर तिथे खड्डा. दगडाच्या जागी खड्डा, आणि खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पाइप रोवलेले, कमान उभी करायला. वच्छलाबाईंनी तांब्यातलं पाणी खड्ड्यात ओतलं. फेकून देणार तरी कुठे, ते नवऱ्याच्या, धनसिंगच्या नावाचं पाणी होतं.

नऊ वर्षांपूर्वी त्याच जागी मुरमाच्या डंपरने धनसिंगला उडवलं. बकऱ्या घेऊन घरी येत होता. सातपुड्याच्या पायथ्याचं हे खोरं, चौदा किलोमीटरचा मुरमाचा रस्ता, आणि त्यावर दिवसाला चाळीस डंपर. धनसिंगचे दिवस झाले आणि वच्छलाबाई रस्त्यावर येऊन बसल्या. पौषाची थंडी होती. पहिल्या दिवशी एकट्या, दुसऱ्या दिवशी शेजारची भिकुबाई, आठव्या दिवशी गावातल्या सगळ्या बाया. एकविसाव्या दिवशी ग्रामसभेने ठराव केला की खोऱ्यात मोटारगाडी जाणार नाही. खोऱ्याच्या तोंडावर साखळी लागली आणि किल्ली वच्छलाबाईंच्या कमरेला. नऊ वर्षांत ती साखळी मोटारीसाठी चार वेळा उघडली. दोनदा अडलेल्या बाईसाठी, एकदा साप चावलेल्यासाठी आणि एकदा नवीनसाठी.

दगड नाल्यातलाच होता, काळा, चपटा, गुडघ्याएवढा. त्यावर चोपड्याच्या पाथरवटाकडून नाव कोरून घेतलं होतं. वच्छलाबाईंची शाळा दुसरीपर्यंत, पण त्या नावाची अक्षरं त्यांना डोळे मिटूनही वाचता येत. बोट फिरवलं की झालं.

भिकुबाई कमरेवर हात ठेवून खड्ड्यापाशी उभी राहिली. "वच्छला, आते काय करानं?"

"विचारस त्याले," वच्छलाबाई म्हणाल्या.

"फोनवर?"

"तोंडवर."

चोपड्याहून अमळनेरमार्गे धुळ्याची एसटी. त्या खिडकीला डोकं टेकून बसल्या. कंडक्टरने दोनदा विचारलं, आजी बरं वाटत नाही का. त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढे जाऊन ड्रायव्हरशी बोलत बसला.

नवीनचं सायकलचं दुकान देवपुरात. काचेचं दार, आत गार हवा, भिंतीला टांगलेल्या सायकली. नवीन फोनवर होता. त्याने हाताने खूण केली, बस. बसायला होता तो एक स्टूल, हवा भरायच्या पंपाशेजारी. वच्छलाबाई बसल्या नाहीत. समोरच्या भिंतीवर मोठं चित्र लावलं होतं. खोरं होतं ते त्यांचंच. तो पळस, ती साखळी, आणि साखळीचं कुलूप हातात धरून हसणारा नवीन. खाली अक्षरं. त्या एकेक करून वाचत गेल्या. खो-रं मो-क-ळं क-र-णा-रा मा-णू-स. मग नवीनचं नाव. ते ओळखायला वेळ लागला नाही, ते त्यांनीच ठेवलेलं.

फोन संपला. "फुई! अचानक? कळवायचं ना, गाडी पाठवली असती."

"दगड कुठे आहे?" नवीनशी त्या शहरातली भाषा बोलत. अहिराणीत बोललं की हा गिऱ्हाइकांसमोर कानकोंडा होतो, हे त्यांना ठाऊक होतं. आणि आज त्याला 'समजलं नाही' म्हणायची सवड द्यायची नव्हती.

"अगं, तो? गोदामात ठेवलाय. व्यवस्थित, गोणपाटात गुंडाळून. इव्हेंट झाला की परत लावू. तुला मी सांगणारच होतो."

"कधी सांगणार होतास? पुढच्या आखाजीला?"

"फुई, समजून घे. साठ माणसं येतायत. जळगाव, धुळे, नाशिक. डॉक्टर, इंजिनीअर. सायकलीवर बसतानाच समोर मेलेल्या माणसाचा दगड. लोकांना कसं वाटेल? सुरुवातीलाच अपशकुन."

अपशकुन. वच्छलाबाईंनी तो शब्द तोंडात घोळवून बघितला, किडकी शेंग जिभेवर यावी तसा.

"तुझ्या फुव्याने तुला खांद्यावर बसवून ह्या खोऱ्यात बोरं खायला नेलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो ना, म्हणून तर मला ती जागा आवडते." नवीनने कागदांचा गठ्ठा उघडला. "हे बघ, सगळीकडे वाटलंय. खानदेशचं स्वित्झर्लंड. एकही गाडी नाही, हॉर्न नाही, धूर नाही. असा रस्ता महाराष्ट्रात दुसरा नाही. आमची मदतीची गाडीसुद्धा आत नेणार नाही, साखळीबाहेर उभी राहील. शब्द दिलाय लोकांना."

वच्छलाबाईंनी टांगलेल्या एका सायकलीच्या टायरवर अंगठा दाबला. पातळ होता. "हे काट्याला टिकतं?"

नवीन हसला, मोठ्याने. पंपाशी बसलेला कामाचा माणूसही हसला. "फुई, तुझ्या रस्त्यावर काटा आहे कुठे? दोन वर्षं येतोय मी, एक पंक्चर नाही. इतक्या बाभळी, इतके हिंगण, आणि रस्ता बघ, आरशासारखा. तिथला मुरूमच तसा आहे, काटा धरत नाही. नैसर्गिक आहे ते. म्हणून तर ह्या वेळी भाड्याच्या सगळ्या सायकलींना हलके टायर घातलेत. जाड टायरची गरजच नाही."

वच्छलाबाईंनी अंगठा काढला. मुरूम काटा धरत नाही. दोन वर्षं खोऱ्यात येऊन-जाऊन ह्या शहाण्याने मुरमाला अक्कल दिली, पण सोमवारी कधी डोळे उघडून बघितलं नाही.

"बरं," त्या म्हणाल्या.

"रागावली नाहीस ना?"

"मी कशाला रागवू? मी खोऱ्यातली बाई. तू खोरं मोकळं करणारा माणूस."

त्याला ते लागलं नाही. त्याने त्यांना पाण्याची बाटली दिली, बंद, गार. ती त्यांनी बस स्टँडवर एका भिकाऱ्याला दिली.

धनसिंग गेला तो सोमवार होता. पहिल्या वर्षी वच्छलाबाई दर सोमवारी त्याच्या दगडापर्यंतची वाट झाडायच्या, कारण धनसिंगला काट्याचं वेड होतं. बकरीच्या खुरात काटा दिसला की तो रस्त्यातच मांडी घालून बसे, चिमटा काढे आणि बकरीशी बोलत बोलत काटा उपसे. मग शंभर पावलांची वाट दोनशे झाली. मग भिकुबाई आली, मग आणखी तिघी, गावातल्या सुना, आणि वाट वाढत वाढत अख्ख्या रस्त्याची झाली. बाभळीच्या डहाळ्या रस्त्यावर पडत, मेंढपाळ शेंगांसाठी फांद्या छाटून टाकत, हिंगणाचे काटे तर चप्पल फाडून टाचेत जाणारे. पाच बाया, पाच खराटे, एक आकडी. मोठ्या फांद्या ओढून शेताच्या वईला, कुंपणाला, बारीक काटे चुलीत. दर सोमवारी, सणवार असो की लग्नसराई. जो मेंढपाळ फांदी रस्त्यात टाकून जाई त्याला वच्छलाबाई अशा झाडत की तो पुढच्या वेळी फांदी डोक्यावर घेऊन जाई. अशी नऊ वर्षं. ह्याला म्हणतात नैसर्गिक.

त्या परत आल्या तो रविवार होता. सोमवारी सकाळी चौघी खराटे घेऊन ओट्यापाशी आल्या. वच्छलाबाई ज्वारी निवडत होत्या. उठल्या नाहीत.

"आज नही," त्या म्हणाल्या.

"बरं वाटत नही का?" भिकुबाईने विचारलं.

"मस्त शे." आणि त्यांनी दुकानात झालं ते सगळं सांगितलं. गोदाम, अपशकुन, भिंतीवरचं चित्र, मुरमाची अक्कल. शेवटचं ऐकून भिकुबाईला हसू आवरेना, मग हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. तिच्या तळव्याला हिंगणाने एकदा जे भोक पाडलं होतं ते भरायला महिना लागला होता.

"मंग काटा टाकूत का वाटवर?" एक सून म्हणाली. "टोपलीभर आनस मी."

वच्छलाबाईंनी सूप खाली ठेवलं. "ऐक. मी काटा टाकस नही, आनि उचलस बी नही. टाकणारा वर बसेल शे, सातपुडाम्हा. त्याना कामम्हा आपण नही पडानं." मग जरा थांबून, "पोरंसले सांगा, दोन हप्ता पायात काहीतरी घाला."

तो सोमवार गेला. फाल्गुनाचा वारा सुटला होता, दुपारी खोऱ्यातून असा येई की बाभळी अंगातलं सगळं झाडून टाकत. मेंढपाळ आले, फांद्या छाटल्या, शेंगा बकऱ्यांना घातल्या, आणि फांद्या जिथे पडल्या तिथेच राहिल्या. एकाने सवयीने वळून वच्छलाबाईंच्या ओट्याकडे बघितलं. त्या आकाशाकडे बघत होत्या. तो दचकून निघून गेला. शिव्या नाहीत म्हणजे काहीतरी अभद्र होणार, असं त्याने गावात सांगितलं. शनिवारी नवीनची माणसं आली, कमानीला कापड चढवलं आणि मोठ्या फांद्या बाजूला ओढून गेली. बारीक काट्याकडे कोण बघतो. तो मुरमाच्या रंगाचाच असतो, सुकला की.

पुढच्या सोमवारचा प्रश्नच नव्हता. राइड त्याच्या आदल्या दिवशी होती, आणि त्या आधीचे दोन्ही सोमवार गेले होते, एक धुळ्याला जाण्याआधीचा आणि एक आल्यावरचा. धुळ्याआधीच्या सोमवारी नवीनच्या माणसांनीच कमानीचे खड्डे खणायला रस्ता अडवून बायांना परत पाठवलं होतं. "आज काम आहे, उद्या या," म्हणाले होते. म्हणजे एक सोमवार त्याचा, एक ह्यांचा. हिशेब वच्छलाबाईंना बरोबर वाटला.

रविवारी सकाळी सात वाजता साठ माणसं. अंगाला चिकटलेल्या काळ्या चड्ड्या, डोक्यावर भोपळ्यासारखी टोपी, पायात टकटक वाजणारे बूट. पळस लाल झाला होता आणि जो तो त्याचा फोटो काढत होता. साखळीबाहेर पिकअप उभी होती, तिचा ड्रायव्हर लीलाधर वच्छलाबाईंना बघून बॉनेटमागे गेला.

नवीनने हातात माइक घेतला. आपण काय बघणार आहोत, ही शांतता कशी मिळवली, किती लढा दिला, गावकऱ्यांना कसं समजवावं लागलं. "आणि ह्या आमच्या फुईबाई," तो म्हणाला, "येताना इथे चहा मिळेल. चहा एक नंबर."

टाळ्या वाजल्या. वच्छलाबाईंनी हात जोडले. भिकुबाई शेजारी उभी होती, तिने त्यांच्या बांगड्यांचा आवाज ऐकला, इतके ते हात घट्ट जुळले होते.

सायकली गेल्या. खोऱ्यात नुसता टायरखालच्या मुरमाचा करकर आवाज, आणि मग तोही नाही. वच्छलाबाई ओट्यावर बसल्या. भिकुबाईने सुपारी फोडली.

"कितला येळ लागी?"

"बस. सुपारी खा."

नऊच्या सुमारास वळणावर एक बाई दिसली. सायकल खांद्यावर, टोपी हातात, टकटक बूट काढून गळ्यात अडकवलेले. पायमोजे फाटलेले. तिला वच्छलाबाईंनी हात धरून ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. ती प्रज्ञा. जळगावला मेहरूणमध्ये राहायची, शाळेत विज्ञान शिकवायची.

"दोन्ही चाकं गेली, आजी. चौथ्या किलोमीटरवर. काढले तर एका टायरमध्ये अकरा काटे." तिने मुठीतून दोन दाखवले, पांढरे, बोटभर. "सगळ्यांचीच जातायत. नवीन सर म्हणाले होते इथे काटा नाहीच."

"नव्हता," वच्छलाबाई म्हणाल्या. "आम्ही वेचत होतो."

प्रज्ञाने त्यांच्याकडे बघितलं, मग कोपऱ्यात टेकवलेल्या पाच खराट्यांकडे. शाळेतली बाई होती, तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. "कधीपासून?"

"नऊ वर्षं."

"आणि आता का नाही?"

"दगड गेला म्हणून." आणि त्यांनी दगड सांगितला. काळा, चपटा, गुडघ्याएवढा.

प्रज्ञाने फोन काढला आणि हळूच पुढे केला. टेकाडावरचा फोटो होता. मागे अख्खं खोरं, पुढे प्रज्ञा आणि तिच्या दोन मैत्रिणी, हसत. प्रज्ञा मधोमध एका आडव्या पांढऱ्या दगडावर बसली होती. वरून चुना फासलेला, त्यावर निळा बाण. "तिथे बसायला ठेवलाय," ती म्हणाली. "फोटोची जागा म्हणून. आजी, हा तर नसेल?"

वच्छलाबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. दगडाच्या कडेला, चुना जिथे पोचला नव्हता तिथे, शेंदराची रेघ होती. दर अमावस्येला त्या ओढत, अंगठ्याने.

गोदाम नाही. गोणपाट नाही. तोंड खाली करून मातीत घातला होता, आणि वर माणसं बसत होती. आणि तो तिथवर गेला कसा, तर त्यांनीच कुलूप काढलं म्हणून.

त्या उठून साखळीपाशी गेल्या. लीलाधर पिकअपमध्ये बसला होता. त्यांनी फोन काचेला लावला. "हे तू उतरवलं?"

लीलाधरने फोटो बघितला आणि मग स्वतःच्या चपला बघत राहिला. "अक्का, मी बोललो होतो त्यांना. नाव खाली जाईल असं नका ठेवू म्हणून."

"मग?"

"म्हणाले, नाव खाली असलं तरच लोक बसतील."

प्रज्ञाने मागून विचारलं, "आजी, मी काही करू?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती स्वतः त्यावर बसली होती, ते तिला आता जाणवत होतं. वच्छलाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तू काय केलंस? तुला बस म्हटलं, तू बसलीस."

तेवढ्यात भिकुबाईचा फोन वाजला. साखळीच्या आत खोऱ्यात रेंज लागते ती एकाच ठिकाणी, टेकाडावर.

"भिकुमावशी, फुईला दे. फुई? अगं, सगळीकडे काटे! चाळीस सायकली बसल्यात. माझ्यासुद्धा दोन्ही ट्यूब गेल्या. लोक ओरडतायत. लवकर साखळी उघड आणि लीलाधरला आत पाठव."

"मोटार?"

"हो, पिकअप! लवकर."

"मोटार आत येत नाही, भाऊ. ग्रामसभेचा ठराव आहे. तूच लोकांना शब्द दिलास ना, एकही गाडी नाही, हॉर्न नाही, धूर नाही."

"फुई, ही वेळ आहे का? तुझ्याकडे किल्ली आहे!"

"आहे. कमरेला. तू कुठून बोलतोयस?"

"टेकाडावरून. इथेच बसलोय."

"कशावर?"

पलीकडे वाऱ्याचा आवाज आला.

"उठ त्याच्यावरून," वच्छलाबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. पण भिकुबाई नंतर कितीतरी दिवस सांगत होती की त्या आवाजाने तिच्या तोंडातली सुपारी तिथेच थांबली. "आता ऐक. कोणी माणूस आजारी आहे? कोणी पडलंय?"

"नाही. दमलेत. पाणी संपत आलंय."

"पाणी येईल. बैलगाडी येईल, ती मोटार नाही. सगळे तिच्याबरोबर येतील, त्यांच्या सायकलीही येतील. तू नाही येणार. तू दगड घेऊन येशील. आणलास की मग बघू साखळीचं. नाही आणलास तर जिथे बसलास तिथेच बस, तुला जागा आवडतेच."

त्यांनी फोन ठेवला आणि रूपचंदला हाक मारली. त्याची बैलजोडी समोरच्या निंबाखाली बांधलेली असे. टायरच्या गाडीत चार घागरी पाणी, गुळाची ढेप, शेंगदाणे.

"अक्का, कितला जणसले आणानं?" रूपचंदने विचारलं.

"बठ्ठासले आण. नवीनले सोडीसन."

रूपचंदने वर बघितलं, खरं की काय म्हणून. मग बैलांच्या शेपट्या पिळल्या आणि गेला. बैलांना वाटेत काटे होते, म्हणून भिकुबाई आणि दोघी सुना खराटे घेऊन गाडीच्या पुढे झाडत चालल्या. बैलांपुरतं, दोन चाकोऱ्यांपुरतं. जनावरांशी कोणाचं वैर नव्हतं.

साडेअकरापर्यंत बैलगाडी परत आली, दमलेले तिच्यात, बाकीचे झाडलेल्या चाकोरीतून सायकली ढकलत तिच्यामागे. ओटा, अंगण, निंबाची सावली, सगळीकडे माणसं. तोवर प्रज्ञाने जो येईल त्याला सगळं सांगितलं होतं, शाळेत धडा सांगावा तसं, फोटो दाखवून. एक टक्कल पडलेले डॉक्टर, ज्यांनी सकाळी त्याच दगडावर उभं राहून फोटो काढला होता, ते उठून वच्छलाबाईंच्या पायाशी वाकले. वच्छलाबाईंनी पाय मागे घेतला. "मला नका. थांबा जरा, ज्याच्या पाया पडायचं तो येतोय."

दुरडीभर वांगी काट्यांच्याच जाळावर भाजली गेली. दोन सोमवारांचे काटे, वाया कशाला घालवायचे. ज्वारीच्या भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, भरीत. शहरातली माणसं जमिनीवर मांडी घालून जेवली, आणि जेवता जेवता सगळ्यांच्या नजरा वळणाकडे.

साडेबाराला नवीन आला. सायकलच्या दांडीला दगड बांधला होता, दोरी पुरली नाही म्हणून स्वतःचा भारीतला शर्ट फाडून. दोन्ही चाकं बसलेली. चार किलोमीटर असं ढकलत आणलं होतं. वाटेत दगड किती वेळा घसरला ते त्याच्या गुडघ्यांवरून कळत होतं. बुटाच्या तळाची लोखंडी पट्टी निघाली होती आणि तो लंगडत होता. काटा आतवर गेला होता, उजव्या पायात.

कोणी उठलं नाही. कोणी टाळी वाजवली नाही. वच्छलाबाईंनी पळसाखालचा खड्डा दाखवला. कमानीचे पाइप लीलाधरने न सांगता उपटून ठेवले होते. नवीनने फावडं घेतलं, खड्डा खोल केला, दगड उभा केला, माती दाबली. नाव त्याच्याकडे करून उभा केला होता, मग काय वाटलं, फिरवून रस्त्याकडे केलं. अक्षरांत माती भरली होती. त्याने नखाने ती काढायला सुरुवात केली.

"पाण्याने," वच्छलाबाई म्हणाल्या आणि तांब्या पुढे सरकवला.

माती धुतली गेली. ध. न. सिं. ग. त्यांनी प्रत्येक अक्षरावरून बोट फिरवलं. एक कोपरा उडाला होता, ग चा. त्यावर त्यांचं बोट जरा जास्त थांबलं. डॉक्टर आले, दगडाला हात लावून गेले. मग प्रज्ञा. मग एकेक करून सगळे, अनवाणी, कारण बूट तसेही निकामी झाले होते.

शेवटी नवीन एकटा उरला, मातीत बसलेला. "फुई, चुकलो," तो म्हणाला. "उद्या ते चित्र काढतो. तुझं नाव लावतो. फुव्याचंही लावतो, मोठ्या अक्षरांत."

त्याच्यासाठी भिकुबाईने भाकरी आणली होती. वच्छलाबाईंनी ती तिच्या हातातून घेतली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली, कारण दारात आलेल्याला उपाशी ठेवायची पद्धत त्यांच्या घरात नव्हती. पाणी ठेवलं. मग चिमटा ठेवला, धनसिंगचा, बकऱ्यांचा. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं त्या बोलल्या.

"नवीन, हे नाव मी शेवटचं घेते आहे, नीट ऐक. बाराव्या दिवशी तुझ्या कानात ते मी सांगितलं. तुझ्या बापाने नाही, आईने नाही, मी. आणि तू माझ्या माणसाचं नाव मातीत पालथं घातलंस आणि त्यावर जग बसवलंस. जे मी दिलं ते मी परत घेऊ शकते, आणि घेतलं. धुळ्यात तू कोणीही अस, माझी ना नाही. पण ह्या साखळीच्या आत आजपासून तुला नाव नाही. इथलं पोर तुला नावाने हाक मारणार नाही, म्हातारी मारणार नाही, मी मारणार नाही. उद्या सोमवार आहे. पहिल्या एसटीने यायचं, खराटा भिकुबाई देईल. चौदा किलोमीटर, पायी. पुढच्या सोमवारी पुन्हा, त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा. चाक ह्या रस्त्यावर तुझं फिरणार नाही, कसलंच नाही. हे सगळे लोक परत येतील, त्यांना रस्ता मोकळा आहे, आणि ते विचारतील, हा लंगडत झाडणारा कोण? तर आम्ही सांगू, हा काटे वेचतो. नाव काय? नाव नाही त्याला. भाकरी खा, आणि तो काटा तुझा तूच काढ. बकरीचा काढायला ह्या घरात माणूस होता, आता नाही."